बिनश्वासाची बाई

"ताई, ही बाई श्वासच घेत नाही," आमचा रेकॉर्डिस्ट मुजावर म्हणाला आणि त्याने कानावरचे हेडफोन काढून माझ्यापुढे धरले.

मी ऐकलं. "आजी, तुमची गोळी घ्यायची वेळ झाली. पाणी कोमट आहे. तुमचा हात धरण्याची मला परवानगी आहे का?" स्वच्छ, सपाट, इस्त्री फिरवलेली वाक्यं. मध्ये कुठे घशाची खरखर नाही, ओठ उघडल्याचा आवाजसुद्धा नाही.

"पुन्हा लाव."

त्याने पुन्हा लावलं. मी डोळे मिटून घेतले. माणूस वाक्य सुरू करण्याआधी थोडी हवा आत घेतो. कितीही मुरलेला कलाकार असो, माईक ती पकडतोच. माझी निम्मी हयात तो आवाज लपवायला शिकण्यात गेली, तरी मुजावरला दर वेळी माझे काही श्वास कापावे लागतात. इथे कापायला काही नव्हतंच.

"कोण आहे ही?"

"कुणास ठाऊक. घाटपांडेसर फाइल आणून देतात, मी लावतो. नाव विचारलं तर म्हणाले, नावाशी तुला काय करायचंय."

माझ्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा.

मी डबिंग करते. परदेशी सिनेमातल्या बायका मराठीत बोलतात त्यातल्या बऱ्याच मी असते. कर्वेनगरला एका डेअरीच्या वरच्या मजल्यावर विनय घाटपांड्यांचा स्टुडिओ होता आणि आम्ही पाच-सहा कलाकार त्याच्या जिवावर घर चालवत होतो. त्या वर्षी एका वाहिनीने यंत्रमानवांच्या सिनेमांचा गठ्ठाच उचलला होता. सगळ्यांची गोष्ट मेली एकच. माणसं एकमेकांशी दगडासारखी वागतात आणि शेवटी रडतं ते यंत्र. गठ्ठ्यातलं बाईच्या आवाजाचं प्रत्येक यंत्र मीच झाले होते. भाच्या मला रोबोमावशी म्हणायला लागल्या होत्या.

या शेवटच्या सिनेमात मात्र घाटपांड्यांनी मला आजी दिली. गोष्ट अशी, की एकट्या राहणाऱ्या म्हातारीला मुलगा यंत्राची मोलकरीण आणून देतो. ती तिची इतकी काळजी घेते, की म्हातारीलाच संशय येतो, ही माया खरी की आत भरलेली? सिनेमाभर ती यंत्राला आडून आडून तपासत राहते. आता ही म्हातारी मी, आणि यंत्राचा आवाज कुणाचा, ते कुणालाच ठाऊक नाही.

घाटपांडे चहा घ्यायला आले तेव्हा मी सरळच विचारलं, "यंत्राचं काम कोण करतंय?"

"आहे एक जण."

"नाव?"

"कुंदाताई, तुम्ही आजी करा. आजी छान होतेय."

"ती बाई स्टुडिओत का येत नाही?"

"तिला जमत नाही," ते म्हणाले आणि कप अर्धा तसाच ठेवून आत गेले. घाटपांडे म्हणजे कपाच्या तळाची साखर बोटाने चाटणारा माणूस. त्याने चहा टाकला म्हणजे कुठेतरी पाणी मुरत होतं.

कुठे, ते आम्हाला कळण्यासारखं होतं. मशीनचे आवाज येणार अशी कुजबुज तेव्हा सुरू झालीच होती. गाडीत रस्ता सांगणारी बाई होती, बँकेच्या फोनवर खोळंबून ठेवणारी बाई होती. उद्या सिनेमात का नसेल? एकदा का एका सिनेमात मशीन खपलं, की पुढच्या सिनेमाला आम्हाला कोण बोलावणार? बाकीचे कलाकार माझ्याकडे आले. त्यांचं म्हणणं होतं, कुंदाताई, तुमचा कान तिखट आहे, तुम्ही छडा लावा. मशीन निघालं तर सोमवारपासून कुणी माईकपुढे उभं राहायचं नाही. मी म्हणाले, लावते.

मला हे काम आवडलं, हे लपवत नाही. संशय घेणं हा माझा पिंडच आहे. जे आहे ते आहे तसं म्हणावं, गोड खोटं बोलू नये, अशी माझी सवय. त्या दिवशी मुजावर बॅग उचलून "येतो ताई" म्हणाला तेव्हाही मी त्याला म्हणालेच, "येतो काय? जातोयस की."

"असं म्हणतात का कुणी?" तो हसला. "घरून निघताना जातो म्हटलं तर आमच्या अम्मीसुद्धा रागावतात."

"शब्दाला अर्थ असतो रे बाबा. आपण शब्दांचं खातो," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही सापळे लावायला सुरुवात केली. मशीनला 'ळ' जमत नाही असं मी कुठेतरी ऐकलं होतं. म्हणून संवादात फेरफार करून तो घाटपांड्यांकडे पाठवला. "बाळ सकाळी खेळायला गेलं, मग केळं सोलून ठेवलं." संध्याकाळी फाइल आली. 'ळ' असा, की सदाशिव पेठेतल्या माणसाने पाटी लावून कौतुक करावं.

"झालं का समाधान?" मुजावर म्हणाला.

"मशीन सुधारलंय," मी म्हणाले.

मग मी एका वाक्यात मुद्दाम चूक लिहून पाठवली. माणूस असेल तर अडखळेल, निदान विचारेल. ती चूक जशीच्या तशी बोलून आली. मी मुजावरला कोपर मारलं. "बघ. विचारलंसुद्धा नाही."

"ताई, तुम्ही तरी कधी विचारता? त्या भुताच्या सिनेमात 'दहा पाय मोडले' असं लिहून आलं होतं, ते बोललात ना?"

"भुताला असतील दहा पाय."

संशयी माणसाचं हे असं असतं. 'ळ' आला तरी मशीन, चुकला असता तरी मशीनच. एक वाक्य दोनदा मागवलं. दोन्ही वेळा सारखंच आलं आणि माझा रक्तदाब वाढला.

त्यातच दुपारी आईचा फोन आला. आई गडहिंग्लजला असते, माझ्या धाकट्या भावाकडे. मी माईकच्या खोलीतूनच फोन घेतला. "बोल आई, मी कुंदा."

"कोन बोलतंय?"

"कुंदा बोलतेय. काय झालं?"

"आवं बाई, मी माज्या लेकीला फोन लावलाय. तुमी कोन?"

हे नेहमीचं होतं. आमच्या भागात बायकाही 'मी जातो, मी येतो' असंच बोलतात. तिशी उलटून गेलेल्या बाईने 'मी जेवतो' म्हटलं तर पुण्यात लोक वळून बघतात. मी इथे आले तेव्हा माझ्या शिक्षकांनी पहिल्याच महिन्यात ते माझ्या जिभेवरून घासून काढलं होतं. तेव्हापासून आईला फोनवर माझा भरवसा वाटत नाही.

"आगं आये, मी बोलतोय की," मी आवाज खाली करून म्हणाले.

"आसं बोल की मग. मगापासनं कोन रेडिओवानी बोलाय लागलंय, कळंना झालंय. जेवलीस?"

"जेवलो."

काचेपलीकडे मुजावर टेबलावर डोकं टेकून हसत होता. मी त्याला डोळे वटारून दाखवले. आईचं काम काही नव्हतं. भावाच्या घरी नवीन मोठा टीव्ही आला होता, माझा सिनेमा कधी लागणार ते तिला हवं होतं. कळवते म्हणाले आणि फोन ठेवला.

शेवटी राहिला सिनेमाचा शेवटचा प्रसंग. कंपनीची माणसं यंत्राला परत न्यायला दारात उभी आहेत. म्हातारी विचारते, "खरं सांग, तुला कधी काही वाटलं का?" यंत्र म्हणतं, "मला माहीत नाही. मी जाते." म्हातारी भिंतीकडे तोंड फिरवते. दार लागतं. संपलं.

मी संहिता मिटवून घाटपांड्यांच्या टेबलावर ठेवली. "हा प्रसंग मी एकटी करणार नाही. तिला समोर आणा. येत नसेल तर लाइनवर घ्या. मी इथून बोलेन, तिने तिथून उत्तर द्यायचं."

"तिला जमणार नाही हो."

"मशीनला जमणार नाही, असं म्हणा."

घाटपांड्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. "कुंदाताई, तुमचा माझ्यावर विश्वास नाही का?"

"नाही," मी म्हणाले. "आणि बाकीच्यांचाही नाही. सोमवारी कुणी येणार नाही, ते आजच सांगून ठेवते."

ते गॅलरीत जाऊन कुणाशी तरी बराच वेळ फोनवर बोलले. परत आले ते घाम पुसत. "उद्या दुपारी. पण आवाज चांगला येणार नाही, आधीच सांगतो. आणि जे काही ऐकाल ते या खोलीबाहेर जायला नको."

मला कोण आनंद झाला. चोर पकडल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी लाइन जोडली. मी माईकपुढे, काचेपलीकडे मुजावर आणि त्याच्यामागे घाटपांडे उभे. हेडफोनमध्ये आधी नुसती खरखर आली. मग एक आवाज यायला लागला. फुस्स... ठक. फुस्स... ठक. एका लयीत, न थांबता.

मी काचेतून मुजावरकडे पाहिलं. त्यालाही ऐकू येत होतं. त्याचा चेहरा उतरला. ते मशीनच होतं, त्यात शंका घ्यायला जागाच नव्हती. आमच्या पोटावर पाय देणारं यंत्र कुठेतरी खोलीत बसून फुस्स ठक करत होतं आणि हा माणूस मला तोंडावर विश्वासाचं विचारत होता. माझ्या कानशिलापर्यंत संताप चढला.

"सुरू करायचं?" घाटपांडे म्हणाले.

पडद्यावर म्हातारी खुर्चीत बसली होती. मी बोलायला लागले आणि मला कळलं, की मला अभिनय करायची गरजच नाही. मला खरंच विचारायचं होतं. मी त्या फुस्स ठकला विचारलं, "खरं सांग. तुला कधी काही वाटलं का?"

"मला माहीत नाही," तो सपाट आवाज म्हणाला.

मग काहीच नाही. फुस्स, ठक. पडद्यावर यंत्राचे ओठ हलून थांबले, कंपनीच्या माणसाने दार उघडलं. फुस्स, ठक. आणि मग त्या आवाजाने हवा आत घेतली. मी ऐकली, छातीच्या तळातून ओढलेली, मध्येच अडकलेली.

"येतो मी," ती म्हणाली.

"ये," मी म्हणाले. "सावकास जा."

माझी ओळ नव्हती ती. संहितेत आजीने भिंतीकडे तोंड फिरवायचं होतं. पण समोरून 'येतो' आलं की इकडून 'ये' जातंच, त्याला विचार करावा लागत नाही. पडद्यावरचं दार लागलं.

घाटपांड्यांनी बटण दाबलं. "रंजनाताई, तिथे 'मी जाते' आहे."

"व्हय सर, म्हाईत हाय मला." आवाज तोच होता, पण आता त्याची इस्त्री पार मोडली होती. "पन आई हितं शेजारीच निजलीया. परवापासनं डोळंबी उघडीना झालीया. तिच्या उशाला बसून जाते म्हनायचं, तोंडातनं भाईर ईना ओ. मागनं कवातरी करून दिऊ का?"

"ते मशीन कसलं वाजतंय?" मी विचारलं.

"ऑक्सिजनचं हाय. आईला लावलंय. बंद करता येत न्हाई, म्हनून तर मी भाईर पडत न्हाई." मग तिनेच विचारलं, "तुमी कोन? सावकास जा म्हनलासा. आमच्याकडच्या हाईसा काय?"

"गडहिंग्लजची," मी म्हणाले. "तुम्ही?"

"मुरगूड."

"जवळच की."

"व्हय, जवळच," ती म्हणाली आणि लाइन कापली गेली.

मी बाहेर आले. घाटपांडे खुर्चीत बसले होते. मी काही विचारायच्या आतच ते बोलायला लागले.

"वाहिनीला मशीनच हवं होतं. यंत्राच्या सिनेमाला खरा यंत्राचा आवाज, अशी जाहिरात करायची आहे त्यांना. मशीनचा नमुना त्यांनी मला ऐकवला. 'आजी, गोळी भक्षण करण्याचा समय झाला.' मी म्हटलं, ठीक आहे, आमच्याकडे याहून चांगलं मशीन आहे."

"आणि ही?"

"मुरगूडच्या स्टँडवर गाड्या पुकारायची. बसची वाट बघत बसलो होतो, तेव्हा ऐकलं होतं. कुठली गाडी बंद पडली, कुणाचं पोर हरवलं, सगळं एकाच सुरात सांगायची. आई आजारी पडल्यावर ते कामही सुटलं. आता मोबाइलवर बोलून पाठवते. मागचं ते फुस्स ठक आणि तिचे श्वास मी घरी बसून कापतो, एकेक. दोनदा मागितलं तर एकच तुकडा दोनदा देतो. मशीन वाटायला हवं ना."

"म्हणजे तुम्ही वाहिनीला फसवलंत."

"मग काय करू? मशीन घेऊ?"

माणूस म्हणून मशीन खपवतात असा माझा संशय, आणि इथे मशीन म्हणून माणूस खपवत होते. आयुष्यात पहिल्यांदा माझा संशय असा तोंडावर आपटला होता आणि मला त्याचं बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं.

"आम्हाला का नाही सांगितलं?"

"तुम्हा कलाकारांच्या पोटात कधी काही राहिलंय का?" घाटपांडे म्हणाले. ते खरंच होतं.

बाकीच्यांना मी एवढंच सांगितलं, की बाई आहे, खात्री करून घेतली, कशी ते विचारू नका. सोमवारी सगळे कामावर आले.

पुढच्या आठवड्यात वाहिनीचा अधिकारी सिनेमा बघायला आला. गुळगुळीत दाढीचा, भला मुलगा होता. मी कोपऱ्यात बसले होते. माझं "सावकास जा" घाटपांड्यांनी काढून टाकलं होतं, "येतो" मात्र तसंच होतं. ते का ठेवलं, मी विचारलं नाही. शेवट झाला. तो म्हणाला, "कमाल आहे. मशीन किती पुढे गेलंय, अगदी आतून बोलल्यासारखं वाटतं." मी श्वास रोखून बसले होते. "फक्त शेवटी एक चूक आहे. बाईच्या आवाजात 'येतो' म्हटलंय. आणि यंत्र कायमचं जातंय, मग 'येतो' कसं? मशीनचं असं होतं कधी कधी. तेवढं दुरुस्त करून घ्या."

अख्ख्या सिनेमात त्या बाईच्या काळजातून आलेला तेवढा एकच शब्द, आणि नेमका तोच यंत्राचा दोष ठरला. तो गेल्यावर घाटपांड्यांनी फोन उचलला. मी त्यांच्या हातातून तो काढून घेतला.

"तिला नका सांगू. तिची आई अजून तशीच आहे ना? तिला म्हणायला लावू नका."

"मग?"

"मी म्हणते. एवढी यंत्रं केली, हेही करते."

मी रंजनाचा आवाज पुन्हा पुन्हा ऐकला, कानात मुरवला. मग माईकपुढे उभी राहिले, श्वास बाहेर सोडून तिथेच थांबवला आणि बोलले, "मी जाते." मुजावरने दोन्ही आवाज एकापुढे एक लावले. जोड त्यालाही सापडेना. वाहिनीलाही सापडला नाही. सिनेमा ठरल्या दिवशी लागला, यंत्राच्या आवाजाचं कौतुकही झालं. पुढे खरी मशीनं आलीच, ते जाऊ दे.

सिनेमा संपल्याबरोबर फोन वाजला. आई होती. मी शहाणपणाने आधीच म्हणाले, "मी बोलतोय, आये. बघितलास सिनेमा?"

"बघितला. त्या म्हातारीचं काम झ्याक केलंस. लईच संशयी बाई, तुज्यागत." आई हसली. "आनी ती यंत्राची पोरगी बी चांगली बोलली. कोन गं ती?"

"मशीन आहे ते, आये."

"मशीन कसलं? आपल्याकडची हाय कोनतरी. बोलन्यात कळतंय की." मग ती थोडी थांबली. "पन शेवटाला 'मी जाते' म्हनलं, ते तिनं न्हाई म्हनलेलं. ते तू म्हनलीस. व्हय ना?"

मुजावरच्या कानाला आणि वाहिनीच्या माणसांना जे सापडलं नव्हतं, ते तिने भावाच्या टीव्हीवर, स्वयंपाकघरातल्या भांड्यांच्या आवाजात ऐकलं होतं.

"कशावरनं म्हणतीस?"

"कशावरनं म्हंजे? हितनं निगताना दर बारीला तू आसंच म्हंतीस. जाते. कवा येतो म्हनली न्हाईस." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. दुधाचा हिशोब सांगावा तसं सांगत होती. "तू गेलीस की मी मागनं आपली आपनच म्हनतो, येतो म्हनली गं माजी लेक. म्हंजे बरं आसतंय."

मी फोन कानाशी घट्ट धरला. पलीकडे आई नुसती श्वास घेत होती. तिचा प्रत्येक श्वास मला फोनवर स्वच्छ ऐकू येत होता.

"बरं, ठेवतो आता," ती म्हणाली. "फोनचं पैसं उठत आसतील."

"आये," मी म्हणाले. "येतो."

"ये," आई म्हणाली. "सावकास ये."